विनंती थांब्यावरचं बोट

माझं नाव या लेखात कुठंही येणार नाही. जिथं यायला हवं होतं तिथं ते आलं नाही, मग इथं फुकट कशाला लिहू?

महागावकडून उमरखेडला जाताना आमच्या गावाशी रस्त्याला फाटा फुटतो. समोरचा रस्ता उमरखेडला जातो आणि डावीकडचा टेकडीखालच्या बंजारा तांड्यावर. दोन्ही रस्त्यांचं डांबर सारखंच आणि खड्डेही सारखेच, त्यामुळे नवखा माणूस तिथं येऊन हमखास थबकतो. हा फाटा मी शोधला. 'शोधला' हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे.

तरुणपणी मी बैलबाजारात दलाली करायचो. कळंबकडची बैलं उमरखेडच्या बाजाराला हाकत न्यायची, घेणाऱ्या-विकणाऱ्यांमध्ये उभं राहायचं आणि सौदा जमवायचा. बापाने मला एक जुना दुपट्टा आणि पुष्कळ राग एवढंच दिलं होतं. त्या भांडवलावर पुढं मी जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यापर्यंत पोचलो. तर बैलं घेऊन जाताना माझ्या लक्षात आलं, की चालणारा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक जनावर या फाट्यावर थांबतंच. मी तिथं टिनाचं शेड टाकलं. बैलांना सरकी ढेप आणि माणसांना चहा. एसटी तिथं थांबत नव्हती. एके दिवशी मी रस्त्यात बैल आडवा लावला. ड्रायव्हर खाली उतरला, आमची आई-बहिणीवरून ओळख झाली आणि तेव्हापासून गाडी थांबते.

एवढं करून फाट्याला नाव काय? काही नाही. महामंडळाचा एक पत्रा तिथं ठोकलेला आहे, त्यावर लिहिलंय: 'विनंती थांबा'. विनंती! मी आयुष्यात कुणाला विनंती केलेली नाही.

बाकी जगात कुणाकुणाच्या नावाने फाटे आहेत. ज्याने एक रसवंती टाकली त्याच्या नावाचा फाटा आहे. एका म्हशीच्या नावाचाही आहे, कारण ती तिथं मेली होती. मी मेलो नाही, हाच काय तो माझा दोष.

ही ठसठस घेऊन मी गेल्या वर्षी बार्सिलोनाला गेलो. मुलगी नोकरीसाठी तिकडे आहे. तिने आम्हा दोघांना बोलावलं. बायकोने जवसाची चटणी नेली, मी दुपट्टा नेला. मुलगी म्हणाली, "बाबा, इथं कोणी दुपट्टा घेत नाही." मी म्हणालो, "म्हणून त मी घेऊन राह्यलो."

दुसऱ्याच दिवशी तिने आम्हाला बंदराशी नेलं. तिथं एक खांब आहे. केवढा? मान मागं टाकली की दुपट्टा घसरतो एवढा. पोटात लिफ्टसुद्धा आहे. वर एक माणूस उभा आहे आणि समुद्राकडे बोट दाखवतो आहे.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"भारत शोधायला निघाला होता ना, आणि अमेरिकेला पोचला? तो दर्यावर्दी."

शाळेत ऐकलेलं मला आठवलं. मी हात जोडले. बायको म्हणाली, "आपल्याकडे यायला निघालता, त पाया पडायले हरकत नाही."

"आणि बोट अमेरिकेकडे?"

मुलगी हसली. "नाही ना बाबा. अमेरिका तिकडे, पाठीमागं. बोट भलतीकडेच आहे. सगळे त्यावर हसतात."

मी मात्र हसलो नाही. रस्ता चुकला, पत्ता चुकला, मेल्यावर पुतळ्याचं बोटही चुकलं, तरी गावाने त्याला आभाळात उभं केलं. आणि मी न चुकता नेमका फाटा शोधला, तर पत्रा 'विनंती थांबा'चा. माझी आणि त्याची केस एकच होती, फक्त त्याला गाव बरं मिळालं.

संध्याकाळी मुलीने मोबाईलवर त्याचे जगभरातले पुतळे दाखवले. जिनोवात रेल्वे स्टेशनपाशी आहे. न्यूयॉर्कात खांबावर आहे. माद्रिदमध्ये आहे. त्याची हाडं सेव्हिलच्या चर्चमध्ये आहेत असं ते म्हणतात, आणि समुद्रापार सांतो दोमिंगोवाले म्हणतात, आमच्याकडे आहेत. मेलेल्या माणसासाठी दोन गावं अशी भांडताना पाहून मला भरून आलं. एका रशियन शिल्पकाराने तर त्याचा डोंगराएवढा पुतळा करून फुकट देऊ केला. अमेरिकेतलं एकेक शहर 'नको' म्हणत गेलं आणि शेवटी पोर्तो रिकोच्या किनाऱ्यावर त्याला जागा मिळाली. हे ऐकून माझ्यातला दलाल हळहळला. फुकट देऊनही माल खपत नाही म्हणजे मध्ये बोलणारा माणूस नव्हता.

"पण आता पुष्कळ ठिकाणी पाडले," मुलगी म्हणाली. "एका गावात तळ्यात ढकलला. एका गावात मुंडकं उडवलं."

"काहून?"

"कारण त्याने काही शोधलं नाही बाबा. तिथं माणसं आधीच राहात होती. त्याने त्यांचे हाल केले."

हाल केले असतील तर वाईटच. पण "माणसं आधीच राहात होती" हे वाक्य मला का टोचलं ते सांगावं लागेल, कारण आमच्या फाट्याच्या बाबतीत तेच वाक्य एक माणूस आयुष्यभर मला ऐकवतो आहे. तो म्हणजे तांड्याचा नायक, तिथला प्रमुख.

नायक बैलबाजारातला माझा जुना प्रतिस्पर्धी. वयाने माझ्याहून मोठा. आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तोंडात मात्र काही कमी झालेलं नाही. फाटा मी शोधला असं मी चारचौघांत म्हणालो, की तो म्हणतो, "तू आलता तवा मी बैलं बांधून त्याच झाडाखाली बसलोच होतो ना बे. तुले तांब्याभर पाणी कोणं पाजलं?" पाणी पाजलं हे खरं आहे. पण पाणी पाजणं वेगळं आणि शेड टाकणं वेगळं.

निघायच्या आदल्या दिवशी मी मुलीला घेऊन त्या खांबाजवळच्या दुकानात गेलो. दर्यावर्दीचा वीतभर पुतळा हवा होता. काचेला चिठ्ठी लावलेली होती, म्हणजे भाव ठरलेला. ठरलेला भाव पाहिला की माझ्या कानशिलांत आग होते. दुकानदार लाहोरकडचा निघाला, त्यामुळे भाषेचा प्रश्न मिटला. मी त्याला म्हणालो, "हात इधर दो," आणि हात धरून वरून दुपट्टा टाकला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हात हातात द्यायचे, वर कापड टाकायचं आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला शंभर लोक उभे असले तरी कोणाला काही कळत नाही. तोंडाने आपण पाऊसपाण्याचं बोलत असतो.

मुलगी लाजेने दुकानाबाहेर गेली. दुकानदार मात्र दुपट्ट्याकडे पाहात राहिला. त्याचे डोळे पाणावले. "चाचा, मेरे दादा ऐसे भैंस बेचते थे," तो म्हणाला आणि आतून माझी बोटं दाबली. सौदा जमला. मग माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट धरून त्याने विचारलं, "ये टेढ़ी कैसे हुई?"

ती एका खोंडाची करणी. कासरा बोटाला गुंडाळलेला असताना तो उधळला. तेव्हापासून माझं ते बोट मुळाशी सरळ आणि शेवटच्या पेऱ्यात डावीकडे वळलेलं आहे. बाजारात दुपट्ट्याखाली हात घातला की आंधळाही सांगायचा, हा कोण आहे ते.

पुतळा मी बॅगेत ठेवला. बायकोने त्यावर मुलीने दिलेल्या ऑलिव्हच्या तेलाचा डबा ठेवला. घरी येऊन बॅग उघडली, तर दर्यावर्दीचे तीन तुकडे. मी विमानतळापासून विमान कंपनीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. धड राहिला होता तो फक्त हात, बोट दाखवणारा. तो मी टीव्हीवर ठेवून दिला.

त्याच महिन्यात ग्रामसभा होती. फाट्यावर प्रवासी निवारा बांधायचं ठरत होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, निवारा बांधा, बाजूला पुतळा मी माझ्या खर्चाने देतो, फक्त फाट्याला त्या माणसाचं नाव द्या.

"कोणाचा पुतळा काका?" सरपंचबाईंनी विचारलं. मुलगी माझ्या मुलीच्या बरोबरीची, पण खुर्चीत बसली की कलेक्टर.

"माहा."

सभा हसली. सरपंचबाई हसल्या नाहीत. "काका, हयात माणसाचा पुतळा नाही लावत, नावही नाही देत. तसा आपला ठरावच आहे."

मागून नायकाचा आवाज आला. "मंग काय घाई आहे? मरू द्या त्याले. मेला की देऊ नाव."

"तू पहिले मर," मी म्हणालो. "वयानं मोठा आहे. मान तुहा आहे."

ग्रामसभा तिथंच संपली.

मी घरी आलो. जेवलो नाही, म्हणजे थोडंच जेवलो. टीव्हीसमोर बसलो, तर वर तो मोडका हात. आणि माझं डोकं चाललं. पुतळा नको? हरकत नाही. नाव नको? ठीक. नुसता हात चालेल की! हाताला कुठं नाव असतं? आणि हात कुणाचा, हे विचारणार कोण?

पुढच्या सभेत मी अगदी गरीब चेहऱ्याने उभा राहिलो. म्हणालो, नवीन माणसं फाट्यावर रस्ता चुकतात. उमरखेडचा रस्ता दाखवणारा एक सिमेंटचा हात बसवू. जगप्रसिद्ध दर्यावर्दीच्या स्मरणार्थ.

"त्यानं आपल्यासाठी काय केलं?" एका पोराने विचारलं.

"आपल्याकडेच यायला निघालता. रस्त्यात चुकला."

"मंग त्याचा हात कायले लावा?"

"अरे, चुकला काहून? कारण वाटेत बोट दाखवणारं कोणी नव्हतं. असतं त सरळ इथं आला असता."

हा मुद्दा सभेला पटला. एक म्हातारा तर हळहळला, "बिचारा." सरपंचबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मेला आहे ना काका तो नक्की?" मी म्हणालो, दोन गावांत पुरलेला आहे. ठराव मंजूर झाला. त्या लोकांचे त्याने हाल केले, हे मी सभेत बोललो नाही. मला त्याच्या हाताशी काही देणंघेणंच नव्हतं.

हात करायला मी उमरखेडच्या एका मूर्तिकाराकडे गेलो. आमच्या जिल्ह्यात दुर्गादेवीचा उत्सव मोठा, आणि हा माणूस वर्षभर देवीच करतो. एका गोऱ्या साहेबाचा हात करायचा आहे असं सांगून मी त्याला माझा उजवा हात दिला. "याचाच साचा काढ. मोठा कर, पण बोट असंच पाहिजे. वाकडं म्हणजे वाकडं." त्याने हाताला तेल चोळलं, प्लास्टर थापलं आणि मला गप्प बसायला सांगितलं. साचा वाळेपर्यंत मी त्याच्याशी डाव्या हाताने भाव केला.

हात घ्यायला गेलो तर माझा संताप अनावर झाला. आकार, सुरकुत्या, वाकडं पेर, सगळं जसंच्या तसं. पण रंग गोरापान गुलाबी, आणि नखं लालभडक.

"हे काय आहे?"

"सवयीनं झालं जी," मूर्तिकार म्हणाला. "आमच्या हाताले नखं दिसले की लाल होतेतच."

"माह्या नखाले लाली?"

"तुमच्या? तुमी त म्हणालते, साहेबाचा हात आहे."

"सगळ्याले राखाडी मार," मी म्हणालो. आयुष्यात फार थोड्या वेळा मी सौद्यात अशी माघार घेतली आहे. त्याने सगळ्यावर राखाडी रंग मारून दिला. नखांवरची लाली आतून थोडी डोकावत राहिली, पण दुरून दिसत नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी निवाऱ्यासमोर मंडप, माइक, नारळ, सगळं होतं. चौथऱ्यावर हात उभा होता. त्याखाली फरशी: 'दिशादर्शक हात. जगप्रसिद्ध दर्यावर्दीच्या स्मरणार्थ.' ते वाचताना मी गालातल्या गालात हसत होतो. बायकोला मात्र सांगून ठेवलेलं नसतानाही ती त्या हाताकडे आणि माझ्या हाताकडे आळीपाळीने पाहात होती.

"अहो," ती म्हणाली.

"गप."

"मी काही बोललीच नाही."

ऐन वेळी कळलं, की अनावरण करायचं तर कापडच कुणी आणलेलं नाही. सरपंचबाई म्हणाल्या, "काका, तुमचा दुपट्टा द्या ना." मी दुपट्टा दिला. त्यांनी तो सिमेंटच्या हातावर टाकला आणि माइकवर जाहीर केलं, "तांड्याचे ज्येष्ठ नागरिक, आदरणीय नायक यांनी अनावरण करावं."

मला कुणी विचारलं नव्हतं. खर्च माझा, हात माझा, दुपट्टा माझा आणि अनावरण नायकाच्या हस्ते! पण माइक चालू होता, आणि माइकवर शिव्या दिल्या की लांबवर ऐकू जातात, हा मला अनुभव आहे.

नायक चाचपडत पुढं आला. त्याला दिसत होतं ते एवढंच: समोर काहीतरी उभं आहे, आणि त्यावर दुपट्टा आहे. आणि जन्मभर ज्याने बैल विकले त्या माणसाला दुपट्टा दिसला की तो काय करेल? कापड ओढायचं सोडून त्याने हात आत घातला.

त्याचा चेहरा बदलला. त्याने आत बोट चाचपलं, मुळापासून शेंड्यापर्यंत. मग शेवटच्या पेऱ्यावर थांबला.

"याडीये!" तो तांड्याच्या बोलीत आईला हाक मारत ओरडला. "हे त त्याचं बोट आहे!"

"कोणाचं?" सरपंचबाईंनी विचारलं.

नायकाने माइकसमोर माझं नाव घेतलं. पूर्ण. बापाच्या नावासकट. फाट्यावर माझं नाव भोंग्यातून उमटलं ते त्या एकाच वेळेला.

"मी काही आंधळा नाही," नायक म्हणाला, आणि त्याला दिसत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. "चाळीस वर्स हे बोट म्या दुपट्ट्याखाली धरलं आहे. यानं माह्या पांढऱ्या जोडीचा भाव पाडलता, तवा हेच पेर माह्या तळहातात रुतलं होतं. पण आज पहिल्यांदा," तो सिमेंटचं बोट हलवत म्हणाला, "आज पहिल्यांदा हा घासाघीस करून नाही राह्यला. जो भाव सांगतो तो मुकाट्यानं ऐकून राह्यला."

मंडपात असं हसू फुटलं, की थांबलेल्या एसटीतले लोक खिडकीतून डोकावले. सरपंचबाईंनी दुपट्टा ओढला. बोट उघडं पडलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उजवा हात पाठीमागं नेला. या वयात!

"काका, हात दाखवा."

"कायले?"

"दाखवा म्हणते ना."

मी हात पुढं केला. माझा राग असा उसळला होता, की बोट आपोआप त्यांच्याकडे रोखलं गेलं. दोन्ही बोटं शेजारी शेजारी. एक सिमेंटचं, एक माझं.

"हयात माणसाचा पुतळा चालत नाही काका," त्या म्हणाल्या. "हे काढा लागीन."

"पुतळा कुठं आहे?" मी गरजलो. "नाव कुठं आहे? फरशी वाचा! मेलेल्या माणसाचं स्मारक आहे. एक नख काढून दाखवा कोणी!"

मला मदत केली ती नायकाने. ती मी कधी विसरणार नाही, आणि त्याबद्दल त्याला माफही करणार नाही. तो पुन्हा बोट चाचपत म्हणाला, "राहू द्या ना बाई. मले सांगा, हा हात उमरखेडकडे आहे ना?"

"हो."

"पण शेंडा कुठं वळला? डावीकडे. डावीकडे काय आहे?"

पोरं ओरडली, "तांडा!"

"मंग झालं त. दांडी उमरखेडले, शेंडा तांड्याले. हा आयुष्यभर म्हणत राह्यला, फाटा म्या शोधला. आता त्याचंच बोट सांगून राह्यलं, पहिले कोण होतं ते. राहू द्या. आमाले पसंत आहे."

सभेने टाळ्या वाजवल्या आणि बोट राहिलं. दोन्ही बाजूंना सौदा पटला, असं सरपंचबाई म्हणाल्या. मला विचाराल तर त्या सौद्यात मी बुडालो.

कारण झालं असं, की नवखी माणसं खरंच शेंडा पाहून डावीकडे वळतात. कोणी मोटरसायकलवाला, कोणी नवा सेल्समन उमरखेडला म्हणून निघतो आणि तांड्यावर पोचतो. तिथं नायकाच्या सुनेने चहाचं दुकान टाकलंय. नायक बाजेवर बसलेला असतो. माणूस विचारतो, "उमरखेड किती दूर?" नायक म्हणतो, "बसा जी. पाणी घ्या. सगळे इथंच येतेत." पाणी पाजायची त्याची जुनी खोड आहे. मी मूर्तिकाराकडे गेलो, म्हणालो, शेंडा सरळ करून दे. तो म्हणाला, "मंग तुमचं बोट पहिले सरळ करा. साचा त्याचाच आहे."

मुलीला फोटो पाठवला. तिने लिहिलं, "बाबा, बार्सिलोनात भलतीकडे दाखवतं, आपल्याकडेही."

पाऊस पडून राखाडी रंग उडाला आणि नखं पुन्हा लाल दिसायला लागली. नवीन लग्न झालेल्या मुली बोटाला हळदकुंकू लावतात. का लावतात ते मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही. आणि 'विनंती थांबा'चा पत्रा कुणीतरी काढून नेला. कोणी नेला ते मी सांगणार नाही. तो माझ्या गोठ्यात आहे.

परवा महागावहून एसटीत बसलो. कंडक्टर नवीन होता, पोरगाच. "काका, कुठं?" त्याने विचारलं.

मला गावाचं नाव सांगता आलं असतं. मी उजवं बोट वर केलं.

"बोट फाटा," तो म्हणाला आणि मशीनमध्ये आकडे दाबले. मग त्याची नजर पुन्हा माझ्या बोटावर गेली. शेंड्यावर येऊन थांबली.

"काका," तो हळूच म्हणाला, "हे त..."

"तिकीट फाड," मी म्हणालो.